हिमालयन ४११ की ४५०? दोन्ही गाड्या एकाच घाटात

रॉयल एनफील्डने नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी हिमालयन मोटरसायकल आणली, तेव्हा नाव तेवढं जुनं ठेवलं. इंजिनाच्या आकारावरून जुनीला ४११ आणि नवीला ४५० म्हणतात. पुढचं चाक २१ इंची आणि मागचं १७ इंची, हेही तसंच ठेवलं. बाकी इंजिन नवं, चासी नवी, शॉकअप नवे, मीटर नवा. त्यामुळे "जुन्या गाडीत काय सुधारणा केल्या" असं विचारणाऱ्यांना मी सांगते की ही सुधारलेली जुनी गाडी नाही, दुसरीच गाडी आहे. तुलना मात्र करावीच लागते, कारण शोरूममध्ये येणारा प्रत्येक जण मनात जुनी घेऊनच येतो. मीही तशीच गेले होते.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, पुण्यात धायरीला राहते आणि माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. हे तिन्ही तपशील पुढे लागणार आहेत. माझी जुनी हिमालयन २०२१ची, पाइन ग्रीन रंगाची. नवी घेतल्यावर ती विकली नाही, बहिणीच्या मुलाला दिली. त्यामुळे दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी, अदलाबदल करून चालवता येतात. आठवणीतल्या गाडीशी केलेली तुलना फसवी असते. आठवणीत जुनी गाडी कधीच थरथरत नाही.

सोसायटीतल्या काकांचं आधी उरकून घेते, नाहीतर ते राहून जायचं. "बजाजच्या गावात राहून चेन्नईची गाडी?" हे त्यांनी २०२१ला विचारलं होतं आणि नवी आली तेव्हा पुन्हा विचारलं. काका, बजाजच्या आकुर्डी-चाकणबद्दल मला आदर आहे. केटीएमची अ‍ॅडव्हेंचरसुद्धा चाकणलाच बनते, तीही पाहिली होती. पण माझे पाय आणि माझा खिसा या दोघांचं एकमत हिमालयनवर झालं.

आता इंजिन. इथे जरा थांबते, कारण या दोन गाड्यांमधला सगळा फरक इथूनच सुरू होतो.

जुनीचं इंजिन ४११ सीसी, हवेवर आणि ऑइल कूलरवर थंड होणारं. बोअर (सिलिंडरची रुंदी) ७८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ८६, म्हणजे सिलिंडर रुंदीपेक्षा उंच. पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात लांबचा प्रवास, त्यामुळे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, फार वर नेता येत नाहीत. व्हॉल्व्ह दोनच. सुमारे २४ हॉर्सपॉवर ६५०० आरपीएमला आणि ३२ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४००० ते ४५००च्या दरम्यान. नवीचं इंजिन ४५२ सीसी, बोअर ८४ आणि स्ट्रोक ८१.५, म्हणजे उंचीपेक्षा रुंद. चार व्हॉल्व्ह, दोन कॅम, पाण्याने थंड होणारं. सुमारे ४० हॉर्सपॉवर ८००० आरपीएमला आणि ४० न्यूटन-मीटर ५५००ला. गिअर पाचाचे सहा झाले.

बारावीच्या पोरांना मी हे उदाहरण देते. टॉर्क ३२चा ४० झाला, म्हणजे पंचवीस टक्के वाढला. मग पॉवर साठ टक्क्यांच्या वर कशी वाढली? पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. जुनी आपल्या कमाल पॉवरला पोचते तेव्हा तिचा टॉर्क ओसरून २६-२७ न्यूटन-मीटरवर आलेला असतो. नवी ८००० आरपीएमला पोचते तेव्हा तिच्याकडे अजून ३५ शिल्लक असतात. जुनीला वर दम लागतो, नवीला वरच जाग येते. जाहिरातीत नुसता ४०चा आकडा ओरडून सांगतात. तो कुठल्या आरपीएमला मिळतो हे बारीक अक्षरात असतं, आणि गाडीचा स्वभाव त्या बारीक अक्षरात असतो.

हा स्वभाव रस्त्यावर कसा दिसतो ते वरंधा घाटात कळलं.

पावसाळा संपल्यावर, घाट वाहतुकीला मोकळा झाल्यावर मी आणि भाचा, आम्ही दोघं निघालो. भोर, नीरा-देवघर धरणाचं पाणी डाव्या-उजव्या अंगाला ठेवत हिरडोशी, तिथून पुढे वाघजाई. ज्यांनी हा रस्ता पाहिलाय त्यांना माहीत आहे की इथे वेगाला काही अर्थ नाही. अरुंद रस्ता, कडेला सुटलेली खडी, वळणावर अचानक समोर येणारी एसटी आणि तिच्या मागे तुंबलेली सुमो. इथे जुनी हिमालयन म्हणजे निव्वळ सुख. तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि विसरून जायचं. वळणावर वेग तिशीच्या खाली आला तरी ती धडधडत, कुरकुर न करता चढते. क्लचला हात लावायची गरज नाही. डोळे रस्त्यावर आणि थोडेसे डोंगरावर.

त्याच वळणांवर नवी घेऊन मी तिसऱ्यात तशीच शिरले, तर ती अडखळली. बंद पडली नाही, पण "बाई, गिअर काढा" असं तिने स्वच्छ सांगितलं. दुसऱ्यात घेतलं, आरपीएम साडेतीन हजारांच्या वर गेला, आणि मग अशी काही उसळली की पुढच्या वळणाला ब्रेक आधी लावावा लागला. भाचा मागून जुनीवर येत होता. वाघजाईला चहा घेताना म्हणाला, "मावशी, तू सारखी गिअर बदलत होतीस. तुझ्या ब्रेकलाइटवरून कळत होतं कुठे काय चाललंय." बरोबर आहे त्याचं. नवीला कामाला लावावं लागतं. गिअर, आरपीएम, ब्रेक, तिन्हीकडे लक्ष द्यावं लागतं. ज्याला त्यातच मजा वाटते त्याला हा घाट नवीवर दुप्पट आवडेल. मला अर्धा दिवस आवडला, मग जरा थकवा आला, आणि उतरताना मी जुनी मागून घेतली.

भाच्याला नवी परत द्यायची इच्छा दिसेना. तो पंचविशीतला आहे, समजू शकते.

आता उलट बाजू. वरंध्यात जी गोष्ट खटकली तीच साताऱ्याच्या महामार्गावर नवीचा मोठा गुण ठरते. खंबाटकी घाट घ्या. मी चालवली तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना बोगदा आपल्या वाट्याला येत नव्हता, तो परत येणाऱ्यांसाठी. आपण घाट चढून जायचं, तेही उसाच्या नाहीतर सिमेंटच्या ट्रकमागून. जुनीवर इथे ओव्हरटेक म्हणजे आगाऊ नियोजनाचा विषय होता. चौथा काढायचा, तिसरा टाकायचा, पूर्ण रेस द्यायची, आणि तरीही ट्रकच्या बाजूला आपण इतका वेळ असायचो की ड्रायव्हरशी ओळख व्हावी. सपाटीवर नव्वद-पंचाण्णवपर्यंत ती आनंदात, त्यापुढे हँडलला आणि पायाखाली थरथर, आणि शंभरला तिचा चेहरा पडायचा. नवी इथे एक गिअर खाली घेतला की ट्रकच्या पुढे असते. शंभरला इंजिन शांत, अजून बरंच शिल्लक.

चौपदरी रस्त्यावर दुचाकीला वेगमर्यादा ताशी ८० आहे, हे शिक्षिका म्हणून सांगणं भाग आहे. पण जास्तीची ताकद वेग वाढवायलाच लागते असं नाही. ट्रकच्या शेजारी घालवायचा वेळ कमी होतो, आणि दुचाकीवर सगळ्यात धोक्याचा वेळ तोच असतो. निव्वळ या एका कारणासाठी मला नवी घेतल्याचं समाधान आहे. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदीच आहे. त्यामुळे मुंबईकडे जायचं तर जुना हायवे आणि परतताना खंडाळ्याचा चढ, तिथेही हेच.

ब्रेकचं सांगायला हवं, कारण मी रोज नवले पुलाच्या उतारावर असते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा तो उतार सगळ्या पुण्याला बदनाम म्हणून माहीत आहे. न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक तिथे काय करतात ते पेपरात वाचतोच. जुनीची पुढची डिस्क ३०० मिलिमीटरची आणि मागची २४०. नवीची ३२० आणि २७०. कागदावर किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात जुनीचा पुढचा ब्रेक चार बोटांनी आवळायची सवय होती, नवीला दोन बोटं पुरतात. पहिल्या दिवशी सिग्नलला सवयीने आवळला आणि मागचे काका हॉर्नवर. मागच्या चाकाचं एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, दोन्ही गाड्यांत बंद करता येतं. मातीत उतरणाऱ्यांसाठी ती सोय आहे, आपण पुण्यात ते चालू ठेवावं. शहराच्या रस्त्यावर वाळू असतेच, फक्त ती मातीचा रस्ता असल्याचं कबूल करत नाही.

शॉकअपबद्दल मला वाद नको. नवीला पुढे ४३ मिलिमीटरचे उलटे फोर्क, मागे मोनोशॉक (एकच शॉकअप), दोन्ही शोवा कंपनीचे, दोन्हीकडे २०० मिलिमीटरचा प्रवास. जुनीला पुढे २०० होतेच, मागे १८०. जुनी खड्ड्यातून जाताना खड्डा सांगायची आणि मग माफ करायची. नवी सांगतही नाही. पुण्यातले गतिरोधक हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, काही तर सोसायटीच्या चेअरमनने स्वतः उभं राहून घालून घेतल्यासारखे असतात. तिथे दोन्ही गाड्या उभ्या राहून आरामात पार करतात. खालची मोकळी उंची जुनीची २२०, नवीची २३०. पोट घासण्याचा प्रश्न दोघींनाही नाही.

उंची म्हटल्यावर माझा प्रश्न आला. जुनीची सीट ८०० मिलिमीटरवर होती, माझे दोन्ही चवडे टेकायचे. नवीची मूळ सीट ८२५ला, ती वर करून ८४५लाही नेता येते. माझ्यासाठी ८२५सुद्धा म्हणजे सिग्नलला भरतनाट्यम. सुदैवाने कमी उंचीची सीट मिळते, ती ८०५वर बसते, आणि मी गाडी बुक करतानाच ती मागितली. बुटक्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, शोरूममधल्या पोराने "होईल सवय" म्हटलं तर ऐकू नका. सवय होते, पण चढावर उलट्या उताराच्या बाजूला पाय टेकायची वेळ आली की सवय उपयोगी पडत नाही, इंचच उपयोगी पडतात. कमी उंचीची सीट लावूनच टेस्ट राइड मागा, आणि पार्किंगमधून गाडी स्वतः मागे ढकलून बघा.

वजन कागदावर जुनीचं १९९ किलो, नवीचं १९६. त्यात टाकी १५ लिटरची १७ झाली आहे. तीन किलोंचा फरक हाताला कळायला नको, तरी कळतो. नवीचं वजन कमरेतून हलवताना ऐकतं. जुनी पार्किंगमध्ये हलवताना आधी श्वास घ्यायची पद्धत होती. जुनीच्या चासीत इंजिन पाळण्यात बसवल्यासारखं असायचं. नवीत इंजिनच चासीचा भार उचलतं, त्यामुळे वेगळी लोखंडी नळी खाली लागत नाही. हलकेपणाचा काही भाग तिथून आला असावा, असा माझा अंदाज.

शहरात? क्लच नवीचा पुष्कळ मऊ, सिंहगड रोडला संध्याकाळी हे फार मोठं देणं आहे. पण पाण्यावर थंड होणारं इंजिन ती उष्णता शेवटी रेडिएटरमधून बाहेरच टाकणार, आणि गाडी उभी असेल तर पंखा लावून टाकणार. एप्रिलमध्ये राजाराम पुलाच्या सिग्नलला पंखा सुरू झाला की पिंढरीला कळतं. जुनी गरम व्हायची ती सगळीकडून सारखी, गाजावाजा न करता. इको आणि परफॉर्मन्स असे दोन मोड नवीत आहेत. शहरात मी इको ठेवते. त्याने पेट्रोल वाचतं की नाही यापेक्षा मनगट हलकं असलं तरी गाडी उड्या मारत नाही, हा फायदा.

पेट्रोलचं विचारणारच तुम्ही, पुणेकर आहात. दोन्ही गाड्या माझ्या हातात लिटरला तिशीच्या आसपास. नवी हायवेला जोरात पळवली तर उतरते, जुनीला जोरात पळवणं शक्यच नव्हतं म्हणून तिचा आकडा सज्जन. गाड्यांचं मायलेज तपासणाऱ्या एआरएआय संस्थेची टेकडी आपल्याच कोथरूडला आहे. तिथला आकडा टेकडीवर ठेवावा आणि आपला पंपावर मोजावा. टाकीत दोन लिटर जास्त बसतात, म्हणजे पुण्याहून थेट कोकणात उतरून परत घाटमाथ्यावर येईपर्यंत पंप शोधावा लागत नाही. हा फायदा खरा.

मीटर. जुनीवर काट्यांची गोल घड्याळं होती, आणि २०२१च्या मॉडेलपासून शेजारी एक छोटा ट्रिपर, जो पुढचं वळण बाणाने दाखवायचा. नवीवर चार इंची गोल रंगीत पडदा, त्यावर अख्खा गूगलचा नकाशा. दिसायला झकास. पण नकाशा येतो फोनमधून, त्यासाठी ॲप चालू हवं, फोन तापतो आणि बॅटरी खातो. हँडलजवळ टाइप-सी चार्जिंग दिलंय, त्यामुळे निभतं. ताम्हिणीत नेटवर्क गेलं की तेवढ्यापुरता पडदा नुसताच सुंदर. मी रस्ता आधी बघून निघते, वळणांची यादी टँकबॅगच्या प्लॅस्टिकखाली ठेवते. भाचा हसतो. हसू दे.

चाकांबद्दल मात्र मी आग्रही आहे. जुनीला ट्यूबची चाकं. नवी बाजारात आली तेव्हा तिलाही ट्यूबचीच होती. २०२४ मध्ये स्पोक असूनही ट्यूबलेस अशी चाकं आली, आणि मी त्याच कारणाने थांबून गाडी घेतली. का, ते वरंध्याच्या त्याच दिवशी सिद्ध झालं. हिरडोशीच्या पुढे भाच्याच्या, म्हणजे जुनीच्या, मागच्या टायरात खिळा. चाक काढा, दोन लिव्हरने टायर उचका, ट्यूब ओढा, पॅच लावा, परत चेन जुळवा. आमच्याकडे सामान होतं, एका शेतकरी दादांनी सावली आणि पाणी दिलं, तरी दुपार गेली. ट्यूबलेसला हेच काम भोकात पंक्चरची दोरी घालून, पंपाने हवा भरून, चाक न काढता होतं. एकटीने फिरणाऱ्या बाईसाठी हा चैनीचा मुद्दा नाही. नवी घेणार असाल तर रंगावर पैसे कमी घाला, चाकांवर घाला.

किमतीबद्दल एवढंच, की आली तेव्हा नवी एक्स-शोरूम २.६९ ते २.८४ लाखांत होती, आणि त्यात आरटीओ, विमा धरला की पुण्यात तीन लाखांच्या वर हिशेब जातोच. नुसत्या आकड्याने महाग वाटते, पण जुनीच्या तुलनेत काय वाढलंय ते बघितलं की फारशी कटकट करावीशी वाटत नाही. रंगांमुळे किंमत बदलते हे मला अजून पटलेलं नाही. माझी हानले ब्लॅक घेतली ती नवऱ्याच्या हट्टापायी.

नवऱ्याचा उल्लेख आलाच आहे तर मागच्या सीटचा निकालही देते. त्याचं म्हणणं, "जुनीवर मला झोप यायची, नवीवर येत नाही." ही तक्रार आहे की कौतुक, ते त्याने स्पष्ट केलेलं नाही. तो बसणार असेल तर मागच्या शॉकअपचा ताण वाढवून ठेवते, नाहीतर उतारावर गाडी मागे बसते.

मग कोणी काय घ्यावं? सातारा, कोल्हापूर, बेळगाव, गोवा असा महामार्गाचा पल्ला ज्यांचा मोठा, दोघं बसून सामानासह जायचं, त्यांनी नवी घ्यावी आणि जुनीचा विचार मनातून काढावा. ज्यांचं फिरणं भोर, वेल्हे, मुळशी, पानशेत एवढ्यात आहे, रस्ता तुटका आहे आणि घाई नाही, त्यांना जुनी चांगल्या अवस्थेत मिळाली तर तीच जास्त सुख देईल. जुनीचं उत्पादन बंद झालंय, त्यामुळे आता ती वापरलेलीच मिळणार. साधं इंजिन, गल्लीतल्या अनुभवी मिस्त्रीच्याही हाताला ओळखीचं, आणि किरकोळ सामान नाना पेठेत दुकानं फिरलं की जमतं. नवीच्या बाबतीत सेन्सर आणि राइड-बाय-वायर (तारेच्या केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक रेस) आले, तिथे मिस्त्रीने स्पॅनर उचलण्याआधी लॅपटॉप लागतो.

वापरलेली जुनी बघायला जाणार असाल तर २०२१ किंवा नंतरची शोधा. सीट बरी आहे, पुढची काच उंच आहे, आणि पुढचं रॅक बदलल्यामुळे उंच माणसाचे गुडघे आपटत नाहीत. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचलून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवा, मधे कुठे अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेटचा (हँडलच्या बेअरिंगचा) खर्च भावातून कमी करून मागा. चेन-स्प्रॉकेटचे दात बघा. स्पोक एकेक करून बोटाने वाजवा, सैल असेल त्याचा आवाज वेगळा येतो. आणि सकाळी थंड इंजिनावर सुरू करून दाखवा म्हणा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा घ्या, तासभर गप्पा मारा, मग सुरू करायला सांगा.